पायवाटेची संहिता

१

मराठी प्रवासवर्णनांची समीक्षा बहुधा दोन अंगांनी झालेली आहे. लेखकाने पाहिलेल्या प्रदेशाचे चित्र कितपत यथातथ्य आणि रसपूर्ण उतरले, हे एक अंग. त्या चित्रातून लेखकाचे व्यक्तिमत्त्व कितपत प्रकट झाले, हे दुसरे. या दोन्ही कसोट्या उपयुक्त आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु प्रवास ज्या रीतीने घडला तिचा लेखनाच्या घडणीशी काही संबंध असतो काय, हा प्रश्न त्यांत सहसा येत नाही. आगगाडीच्या खिडकीतून न्याहाळलेला मुलूख, विमानातून उतरून पाहिलेले शहर आणि आठवड्याचा शिधा पाठीवर घेऊन पायांनी ओलांडलेले अरण्य ही तिन्ही एकाच वाङ्मयप्रकारात जमा होतात व एकाच मापाने मोजली जातात.

चालणाऱ्याचे लेखन स्वतंत्र विचारास पात्र आहे असे मला वाटते, आणि त्याची कारणे तीन आहेत. पहिले कारण ओझ्याचे. जे सोबत घ्यायचे ते स्वतःच्या पाठीवर घ्यायचे असल्याने निवडीचा प्रश्न घराच्या उंबरठ्यावरच उभा राहतो. आणि चांगल्या भ्रमणलेखनात हीच काटकसर वाक्यरचनेतही उतरलेली दिसते. दुसरे कारण क्रमाचे. पायी चालणाऱ्याला प्रसंगांचा क्रम निवडता येत नाही. नदी आधी आली तर नदी आधी, चढ आधी आला तर चढ आधी. कथनाची मांडणी येथे लेखकाच्या हाती नसून वाटेच्या हाती असते. तिसरे कारण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही. चालणारा ज्या वाटेने जातो ती वाट त्याने केलेली नसते. कोणीतरी, केव्हातरी, काही हेतूने ती पाडलेली असते.

या तिसऱ्या कारणामुळे भ्रमणलेखनाचे नाते आपल्या परंपरेतील एका जुन्या लेखनपद्धतीशी जुळते. ती पद्धती म्हणजे टीका. टीकाकार ज्या ग्रंथावर लिहितो तो त्याचा नसतो. त्याच्या प्रतिभेला कितीही मोकळीक असली तरी मूळ संहिता आपल्या आधी होती, ही जाणीव त्याला सोडता येत नाही. पायवाट ही अशी संहिता आणि चालणाऱ्याचे लेखन ही तिच्यावरील टीका, असे मानले तर भ्रमणलेखनाच्या मूल्यमापनाला एक निश्चित प्रश्न मिळतो : या टीकेला आपली मूळ संहिता ठाऊक आहे काय? प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका विशिष्ट वाटेच्या आधाराने तपासण्याचा हेतू आहे. ती वाट आपल्यापासून फार दूर, प्रशांत महासागराच्या काठी आहे. तिची निवड करण्याचे कारण एवढेच की, तिच्यावरील लेखनाचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात आणि त्यांतील बहुतेकांना निश्चित सनावळी आहे.

२

कॅनडाच्या पश्चिमेस व्हँकूव्हर नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या नैर्ऋत्य काठाने, उत्तरेस बॅमफील्डजवळच्या पचीना उपसागरापासून दक्षिणेस पोर्ट रेनफ्रूजवळच्या गॉर्डन नदीपर्यंत, सुमारे ७५ किलोमीटर लांबीची एक पायवाट जाते. 'वेस्ट कोस्ट ट्रेल' हे तिचे नाव. ती आज राष्ट्रीय उद्यानाच्या संरक्षित क्षेत्रात मोडते. परवाना घेऊनच तिच्यावर जावे लागते आणि रोज किती जणांना सोडायचे याला मर्यादा असते. ती पुरी करायला साधारणतः पाच ते सात दिवस लागतात. मध्ये दुकान नाही, मोटाररस्ता नाही. तंबू, अन्न, स्वयंपाकाची शेगडी, सुके कपडे सारे पाठीवर.

कोकणचा किनारा डोळ्यांपुढे ठेवून या किनाऱ्याची कल्पना करू गेल्यास फसगत होईल. कोकणात समुद्र आणि सह्याद्री यांच्या मध्ये माडांची आगरे, भाताची खाचरे आणि वाड्या आहेत. येथे अरण्य थेट कड्याच्या कडेपर्यंत आलेले असते. सीडर, हेमलॉक आणि स्प्रूस या सदाहरित वृक्षांचे हे जंगल समशीतोष्ण पट्ट्यातील पर्जन्यवन आहे. वर्षाकाठी तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याचा जोर आपल्यासारखा पावसाळ्यात नसून हिवाळ्यात असतो. उन्मळून पडलेल्या प्रचंड खोडांवर शेवाळ चढते, त्या शेवाळात नवी रोपे रुजतात आणि वाट कधी त्या खोडावरून, कधी त्याखालून जाते. ओढ्यांच्या घळींत उतरण्यासाठी लाकडी शिड्या आहेत. त्यांची संख्या शंभराहून अधिक असून काही ठिकाणी एकीखाली एक अशा कित्येक शिड्या उतराव्या लागतात. मोठ्या नद्यांवर तारेला टांगलेले पाळणे आहेत. त्यात बसून दोर स्वतः ओढत पलीकडे जायचे. निटिनाट खाडीचे मुख मात्र इतके ओढीचे आहे की तेथे होडीवाचून गत्यंतर नाही.

या वाटेचा लेखनाच्या दृष्टीने खरा विशेष वेगळाच आहे. अनेक ठिकाणी तिला दोन अंगे आहेत : एक जंगलातून, दुसरे पुळणीवरून किंवा खडकांच्या सपाट पायऱ्यांवरून. कोणते घ्यायचे हे भरती-ओहोटी ठरवते. दक्षिणेकडील ओवेन टोकाशी ओहोटी असेल तरच खडकांच्या पायथ्याने जाता येते. कड्यांमध्ये समुद्राने कोरलेल्या अरुंद घळी आहेत, त्यांतून लाट आत घुसते. कोरडी दिसणारी घळ क्षणात भरते. त्यामुळे चालणाऱ्याच्या खिशात भरतीचे कोष्टक असते आणि त्याचा दिवस सूर्याने नव्हे, चंद्राने आखलेला असतो. जंगलातील अंगाने गेल्यास समुद्र केवळ ऐकू येतो. पुळणीवर उतरल्यास जंगल पाठीशी जाते.

अशा वाटेवरील सर्वसामान्य भ्रमणवृत्तांताचा साचा ठरून गेलेला आहे, आणि ज्याने त्यांतील चार वाचले त्याला पाचव्याचा अंदाज येतो. पहिल्या दिवशी ओझे जड, दुसऱ्या दिवशी पाऊस, तिसऱ्या दिवशी पायांना फोड. मग त्सुसियात धबधब्यापाशी विश्रांती आणि सूर्यास्त. शेवटच्या टप्प्यात शिड्यांची परीक्षा, आणि अखेरीस स्वतःविषयीची एक नवी जाणीव. या वाटेच्या एका लोकप्रिय मार्गदर्शिकेचे नावच 'ब्लिस्टर्स अँड ब्लिस', म्हणजे 'फोड आणि परमानंद', असे आहे. नाव खेळकर आहे आणि नेमकेही आहे. या प्रकारच्या लेखनाचे सारे मानसशास्त्र त्या दोन शब्दांत आले आहे : देहाचे क्लेश ही किंमत आणि आनंद हा मोबदला.

या साच्यात दोष क्लेशांच्या वर्णनाचा नाही. देह ही चालणाऱ्याची पहिली लेखणी आहे. दोष असा की, या व्यवहारात दोनच पक्ष उरतात, 'मी' आणि 'निसर्ग'. अरण्य हे प्रतिस्पर्धी किंवा गुरू म्हणून येते. वाट ही जणू त्या अरण्याने आपण होऊन दिलेली असते. शिडीची पायरी मोडकी होती याची तक्रार वृत्तांतात येते, परंतु ती शिडी कोणी उभी केली आणि दर हिवाळ्यानंतर कोण दुरुस्त करते, हे विचारले जात नाही. टीकाकार मूळ ग्रंथ बाजूस सारून केवळ आपल्या थकव्यावर भाष्य करू लागला, तर जे होईल तेच येथे होते.

३

या वाटेची संहिता वाचायची तर मागे जावे लागते. १८९० च्या सुमारास व्हिक्टोरिया शहरापासून या किनाऱ्याने तारायंत्राची तार नेण्यात आली. झाडाझाडांना अडकवलेली ही तार दीपगृहांना जोडत होती आणि तिच्या देखभालीसाठी एक ओबडधोबड वाट ठेवलेली होती. १९०२ साली बॅमफील्ड येथे प्रशांत महासागराखालून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडकडे जाणाऱ्या केबलचे ठाणे सुरू झाले आणि ब्रिटिश साम्राज्याच्या तारांचे जाळे पृथ्वीभोवती पुरे झाले. तेव्हा आज ज्या वाटेवर एकांताच्या शोधात माणसे जातात, तिचा एक जन्म संदेशवहनासाठी झालेला आहे.

दुसरा जन्म एका दुर्घटनेतून झाला. २२ जानेवारी १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेकडे निघालेली 'व्हॅलेन्सिया' ही आगबोट वाऱ्यापावसात मार्ग चुकून पचीना टोकाजवळच्या खडकांवर आदळली. ती किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होती. जवळजवळ दीड दिवस ती तशीच मोडत राहिली. शंभराहून अधिक माणसे मेली; बोटीवरील एकही स्त्री वा मूल वाचले नाही. मदतीला आलेल्या बोटींना खवळलेल्या समुद्रामुळे जवळ जाता येईना. किनाऱ्याला लागलेल्या काही जणांना जंगलात तारेखालची वाट सापडली. तिच्यावरून ते तारायंत्राच्या देखभालीच्या झोपडीपर्यंत पोहोचले आणि तेथून अपघाताची बातमी बाहेर गेली. जमिनीच्या मार्गाने मदत घेऊन आलेली माणसे कड्याच्या माथ्यावर पोहोचली तेव्हा त्यांना बोटीचा अंत पाहण्यापलीकडे काही करता आले नाही.

या घटनेनंतर, १९०७ पासून, सरकारने तारेच्या वाटेचे रूपांतर जीवरक्षक वाटेत केले. ठराविक अंतरांवर निवाऱ्याच्या झोपड्या बांधल्या, त्यांत संदेश पाठवण्याचे यंत्र, कांबळी आणि शिधा ठेवला. आणि भिंतीवर यंत्र कसे चालवावे, कोणत्या दिशेने जावे, यांच्या सूचना अनेक भाषांत लावल्या. या वाटेवरील पहिले उद्दिष्ट गद्य मी याच सूचनांना म्हणेन. त्यांचा वाचक विशिष्ट आहे. तो भिजलेला आहे, जखमी असेल, त्याची भाषा कोणती असेल हे सांगता येत नाही, आणि वाक्याचा अर्थ लागला नाही तर तो मरणार आहे. येथे अलंकाराला जागा नाही आणि 'मी'लाही नाही. गद्याची जबाबदारी म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना समजावून द्यायचे झाल्यास मला यापेक्षा निखळ उदाहरण सुचत नाही.

नौकानयनाची साधने सुधारली तशी या वाटेची गरज संपली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास ती रानात बुडू लागली. तिचे पुनरुज्जीवन झाले ते पदभ्रमणासाठी. १९७२ साली ब्रिटिश कोलंबियातील सिएरा क्लबने या वाटेची आणि आतल्या निटिनाट तळ्यांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तो काळ त्या परिसरातील वृक्षतोडीविरुद्धच्या मोहिमेचा होता. माणसे तेथे चालू लागली, तर ते अरण्य वाचवण्यास आवाज उठेल, ही या लेखनामागील भूमिका. म्हणजे झोपडीच्या भिंतीवरील सूचना माणसाला अरण्यातून सोडवण्यासाठी होत्या, तर ही मार्गदर्शिका अरण्याला माणसापासून सोडवण्यासाठी. दोन्ही गद्ये कामाची आहेत आणि दोन्हींना आपला हेतू माहीत आहे. त्यांच्या मानाने नंतरचे आत्मनिष्ठ वृत्तांत अधिक 'ललित' असूनही अधिक पोकळ का वाटतात, याचे उत्तर मला येथे सापडते. त्यांना हेतू उरलेला नाही, केवळ अनुभव उरला आहे.

४

परंतु तार आणि जीवरक्षण हे संहितेचे वरचे थर झाले. तिचा मूळ पाठ आणखी खाली आहे. हा किनारा हू-आय-आत, डिटिडाट आणि पचीडाट या तीन आदिम राष्ट्रांचा प्रदेश आहे. त्यांची वसतिस्थाने किनाऱ्यावर होती आणि मुख्य वाहतूक सीडरच्या एकसंध खोडातून कोरलेल्या होड्यांची होती. पायवाटा वस्त्यांना, नद्यांना आणि रानातील कामाच्या जागांना जोडत. होडीतून पाहणाऱ्याला अरण्य हे घराचे परसदार असते. पाठीवर ओझे घेऊन आत शिरणाऱ्या परक्याला तेच परसदार 'अस्पर्श रान' वाटते. भ्रमणवृत्तांतातील पुष्कळशी गूढता अशा दिशाबदलातून उत्पन्न झालेली आहे.

परक्या माणसाच्या लेखणीने हे परसदार रिकामे कसे केले, याचे एक आरंभीचे साधन म्हणजे गिल्बर्ट स्प्रोट यांचे १८६८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक. स्प्रोट १८६० साली बार्कली खाडीच्या टोकाशी अल्बर्नी येथे लाकूड कापण्याच्या गिरणीसाठी आले. तेथील लोकांना आपली जागा सोडायला कसे लावले, हे त्यांनी पुस्तकाच्या आरंभीच सांगितले आहे आणि मग 'रानटी' लोकांचा जमिनीवर हक्क कितपत, याची चर्चा एका स्वतंत्र प्रकरणात केली आहे. या ग्रंथाचे महत्त्व त्याच्या मतांत नाही. ती आज टिकणारी नाहीत. महत्त्व या गोष्टीत की, येथे जमीन रिकामी करणे हे कृत्य अजून उघडपणे सांगितले जाते. पुढच्या लेखनात ते कृत्य अदृश्य होते आणि केवळ रिकामी जमीन शिल्लक राहते. पुढचे लेखक स्प्रोटपेक्षा सहृदय आहेत; पण त्यांच्या 'निर्मनुष्य' अरण्याची पूर्वकथा स्प्रोटच्या पानांत आहे.

या किनाऱ्यावरील सर्वांत जुने 'वाङ्मय' मात्र लिखित नाही. पचीना उपसागर, जेथून आजचा पदभ्रमी पहिले पाऊल टाकतो, तेथे पूर्वी एक वस्ती होती. हू-आय-आत परंपरेत एक कथन पिढ्यानुपिढ्या सांगितले गेले : रात्री धरणी हादरली, मग समुद्र चढून आला आणि पचीनाची माणसे गेली, उंचावर राहणारे वाचले. विसाव्या शतकात हे कथन लिहून घेतले गेले. बाहेरच्या वाचकांनी ते पुराणकथांत जमा केले असते तर नवल नव्हते. परंतु भूवैज्ञानिकांना त्या किनाऱ्यावर बुडालेल्या भूमीचे व त्सुनामीच्या वाळूचे थर सापडले. आणि १९९६ साली जपानी संशोधकांनी आपल्याकडील जुन्या दप्तरांत नोंदलेल्या, भूकंपावाचून आलेल्या एका लाटेवरून हिशेब मांडून दाखवला की, तो भूकंप २६ जानेवारी १७०० च्या रात्री झाला असला पाहिजे. कथनातही वेळ रात्रीचीच होती.

साहित्याच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? मौखिक परंपरेला विज्ञानाचे प्रशस्तिपत्र मिळाले, एवढेच घेतले तर ते अपुरे होईल. कारण त्यात प्रशस्तिपत्र देणाऱ्याचा अधिकार आपण आधीच मान्य केलेला असतो. मला महत्त्वाचे वाटते ते असे की, त्या कथनाचे प्रयोजन झोपडीच्या भिंतीवरील सूचनांसारखेच आहे. जमीन हादरली तर उंचावर जा, हे ते सांगते. वाटेचा सर्वांत जुना पाठ आणि तिचा जीवरक्षक पाठ एकाच जातीचे निघतात.

शब्दांशिवायचाही एक पाठ त्या रानात आहे. सीडरची साल उभी सोलून काढत आणि तिच्यापासून वस्त्रे, दोर, टोपल्या करत. साल काढताना झाड मरणार नाही एवढीच काढायची, हा दंडक. तो व्रण घेऊन झाड शेकडो वर्षे जगते. उभ्या झाडातून फळी काढल्याच्या खुणाही आढळतात. अशा झाडांवरून माणसाचा वावर सिद्ध होतो आणि कालही काढता येतो. ब्रिटिश कोलंबियाच्या कायद्याने १८४६ पूर्वीच्या अशा खुणांना वारशाचे संरक्षण दिलेले आहे. ज्याला हे अक्षर वाचता येते त्याला ते अरण्य ग्रंथालयासारखे दिसेल. ज्याला येत नाही तो त्याच झाडाला टेकून 'येथे माणसाचा स्पर्श नाही' असे लिहील. त्याचे वर्णन सुंदर असू शकेल. परंतु ते निरक्षराचे वर्णन आहे.

नकाशाही याला अपवाद नाही. बॅमफील्ड हे नाव बॅनफील्ड नावाच्या एका सरकारी प्रतिनिधीचे. लिहिताना 'न'चा 'म' झाला आणि चूक कायम राहिली. ज्या गावापासून वाट सुरू होते त्याचे नावच एक अपपाठ आहे, हे संहितेचा विचार करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

५

या पार्श्वभूमीवर एमिली कार (१८७१–१९४५) यांच्या 'क्ली विक' या पुस्तकाकडे पाहिले पाहिजे. कार या मुख्यतः चित्रकार. या किनाऱ्यावरील अरण्य आणि आदिम वस्त्यांतील कोरीव स्तंभ हे त्यांच्या चित्रांचे विषय. त्या आजच्या अर्थाने पदभ्रमी नव्हत्या. होडीने, आगबोटीने, पायी, मिळेल त्या साधनाने त्या चित्रकलेचे सामान वाहत हिंडल्या. १९४१ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी या भटकंतीची शब्दचित्रे प्रसिद्ध केली आणि पुस्तकाला गव्हर्नर जनरलचे पारितोषिक मिळाले. त्यातील पहिले शब्दचित्र युक्लुलेटचे, म्हणजे बार्कली खाडीच्या पलीकडच्या तीराचे आहे. तरुणपणी त्या तेथील मिशनरी स्त्रियांकडे राहिल्या होत्या. वस्तीतील लोकांशी समान भाषा नव्हती. हसणे हीच बोली झाली. तेथील लोकांनी त्यांना दिलेले 'क्ली विक', म्हणजे 'हसणारी', हे नाव पुस्तकाचे शीर्षक झाले.

या शीर्षकातच लेखिकेची भूमिका आहे. बहुतेक प्रवासी परक्या भूमीला नावे देतात; येथे भूमीतील माणसांनी लेखिकेला नाव दिले आहे आणि तिने ते स्वीकारले आहे. पाहणारी व्यक्ती स्वतःही पाहिली जात आहे, ही जाणीव या गद्यात सतत राहते. वाक्ये आखूड आहेत, विशेषणे मोजकी. चित्रकाराने नको असलेले रंग पेटीतून काढून टाकावेत तसे हे गद्य हलके केलेले आहे. आरंभी जी ओझ्याची काटकसर म्हटली ती येथे शैली झाली आहे. कारांच्या दृष्टीला मर्यादा नव्हत्या असे नाही. त्या गोऱ्या समाजातील होत्या, आणि आदिम जीवन अस्ताला चालले आहे ही त्या काळची समजूत त्यांच्याही चित्रांत आणि लेखनात आहे. ते जीवन अस्ताला गेले नाही हे आज दिसतेच. पण त्यांच्या अरण्यात माणसे आहेत, त्यांना घरे आणि दुःखे आहेत.

पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. कारांच्या मृत्यूनंतर, १९५१ साली, शाळांसाठी निघालेल्या आवृत्तीत मिशनऱ्यांवर टीका करणारे उतारे गाळण्यात आले. नंतरची कित्येक दशके वाचकांच्या हाती हाच कापलेला पाठ होता; एकविसाव्या शतकाच्या आरंभी मूळ पाठ पुन्हा छापला गेला. अरण्याचे वर्णन राहिले आणि अरण्यातील माणसांवर झालेल्या अन्यायाचा उल्लेख गेला. रिकाम्या रानाची कल्पना लेखकच निर्माण करतात असे नाही. संपादक, प्रकाशक आणि पाठ्यपुस्तकेही ती निर्माण करतात.

६

हे सारे मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. पाठभेदाचा हा अनुभव आपल्या भ्रमणगद्याच्या प्रारंभीच आहे. वरसईहून १८५७ साली उत्तरेकडे निघालेले आणि परतताना गंगाजलाची कावड आणणारे विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केले ते आपल्या संस्कारांसह; मूळ हस्तलिखितावरील पाठ दत्तो वामन पोतदारांनी उपलब्ध करून दिला तो १९६६ साली. साठ वर्षे मराठी वाचक ज्या वाटेने चालला ती अंशतः संपादकाची होती.

वाटेच्या संहितेची जाण मराठीत कोठे सर्वाधिक दिसते, असे विचारल्यास मी इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती' (१९४९) मधील 'वाटचाल' या लेखाचे नाव घेईन. पंढरीच्या वाटेवरील आनंद त्या लपवत नाहीत. पण एकाच दिंडीत चालणाऱ्या बाया जातीमुळे वेगळ्या पंगतींत जेवतात, हे शल्यही लपवत नाहीत. वाट कोणाची आणि तिच्यावर कोण कसे चालते, हा प्रश्न त्यांच्या आनंदातच मिसळलेला आहे. याउलट नर्मदा परिक्रमेच्या लेखनातील शूलपाणीच्या झाडीचा प्रसंग पाहावा. परिक्रमावासीयाला तेथे आदिवासी लुटतात आणि तो हे लुटले जाणे मैयाने घेतलेली परीक्षा मानतो. भक्तीच्या दृष्टीने ही भूमिका उदात्त आहे. परंतु वाङ्मयीन दृष्टीने पाहिल्यास लुटणारा माणूस त्यात माणूस म्हणून राहत नाही. काट्यासारखा, दरडीसारखा तो परीक्षेचा एक भाग होतो. तो का लुटतो, त्या रानाशी त्याचे नाते काय, हे सहसा विचारले जात नाही. सरदार सरोवराच्या पाण्याने ती जुनी वाट आणि शूलपाणेश्वराचे जुने देऊळ बुडवले, तसेच तेथील आदिवासींची गावेही बुडवली. वाट बुडाल्याची हळहळ भाविक लेखनात येते. गावांची किती येते, हे अभ्यासकांनी तपासण्यासारखे आहे.

आज मराठीत गिरिभ्रमणाचे आणि पदभ्रमणाचे लेखन मोठ्या प्रमाणात होत आहे आणि त्यात 'फोड आणि परमानंद' यांचा साचा स्थिरावू लागला आहे. गडाच्या वाटेवरील धनगराचा झाप, ठाकराने दाखवलेली पाऊलवाट, पाण्याचे टाके खोदणारे अज्ञात हात यांचा उल्लेख आभारापुरता होतो आणि लेखणी पुन्हा 'मी'कडे वळते. अशा लेखनाकडे तुच्छतेने पाहण्याची गरज नाही. चालणे ही शिकण्याची एक रीत आहे आणि लिहिताना पाय दुखल्याचे सांगणे हा काही गुन्हा नाही. परंतु समीक्षेने त्याला विचारायचे प्रश्न मात्र ठरवले पाहिजेत. या लेखकाने काय वाहिले आणि काय मागे ठेवले? वाटेच्या क्रमापुढे तो नमला की आपल्या सोयीचा क्रम त्याने तिच्यावर लादला? आणि ती वाट त्याच्याआधी कोणाची होती, हे त्याच्या वाक्यांना ठाऊक आहे काय?

निटिनाट खाडीच्या मुखाशी पदभ्रमी थांबतो, कारण पुढे पाणी आहे. तेथे डिटिडाट लोक त्याला होडीने पलीकडे सोडतात. आठवड्याच्या वाटचालीत हा प्रवास काही मिनिटांचा. वृत्तांतांत त्याला बहुधा एखादे वाक्य मिळते, आणि तेही तेथे विकत मिळणाऱ्या ताज्या खेकड्यांसाठी. माझ्या मते या वाटेवरील कोणतेही लेखन त्या वाक्यापाशी थांबून तपासावे. होडी वल्हवणारा माणूस ज्याच्या लेखनात केवळ सोय म्हणून आला, त्याने ७५ किलोमीटर चालूनही ती संहिता उघडलेली नाही.